उन्हात राहिलेली गादी

गाडी सिंहगड रस्त्याला लागली तशी नसीमबानूने खिडकीची काच खाली केली आणि वारा तोंडावर घेतला. एप्रिल नुकता लागला होता, पण सकाळचा वारा अजून गार होता. पुढे मुलगा शहेजाद गाडी चालवत होता. मागे एका खिडकीशी ती, दुसऱ्या खिडकीशी सून नाजिमा, आणि दोघींच्या मधे आपल्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी जखडलेली सात महिन्यांची मंतशा. पोरगी डोळे मोठे करून पळणारी झाडं बघत होती. नसीमबानूही तेच करत होती. दोघींत फारसा फरक नव्हता म्हणा. दोघीही पहिल्यांदाच निघाल्या होत्या.

म्हणजे नसीमबानू याआधी कुठे गेलीच नव्हती असं नाही. लग्नाकार्याला, मयताला, आजारपणाला ती गेली होती. पण नुसतं जायचं म्हणून, पाणी बघायचं म्हणून ती पेठेच्या बाहेर कधी पडली नव्हती. पानशेतच्या अलीकडे, धरणाच्या काठाला कुणी दोन खोल्यांचं घर पाहुण्यांसाठी बांधलं होतं, ते नाजिमाने शोधून काढलं. बाळंतपणानंतर सात महिने ती कसब्यातल्या त्या तीन खोल्यांत होती. एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अम्मी, मला दोन दिवस कुठेतरी जायचंय. कुठेही. तुम्हीपण चला." शेवटचे दोन शब्द तिने जोडले नसते तरी चाललं असतं. तिने ते जोडले, आणि नसीमबानू त्या रात्री कितीतरी वेळ जागी राहिली.

निघताना गल्लीत गाडी येईना, म्हणून सामान हातांनी रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. समोरच्या गॅलरीतून दीपमाला बघत होती. "नसीमवहिनी, दोन दिवसांसाठी चाललात की बिऱ्हाड हलवताय?" नसीमबानूने मान वर न करता सांगितलं, की आम्ही नाहीच आलो तर कुंड्यांना तेवढं पाणी घाला.

खडकवासल्याला पहिल्यांदा पाणी दिसलं. शहेजादने वेग कमी केला. मंतशाने हात पुढे केला, जणू ते पाणी तिच्यासाठीच कुणी धरून ठेवलं होतं. नसीमबानूला एकाएकी कात्रजचा घाट आठवला. ती गोष्ट तिने सुनेला कधी सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

शहेजाद तेव्हा मंतशापेक्षा थोडा मोठा होता. नसीमबानूची थोरली बहीण रत्नागिरीला दिली होती, तिच्याकडे जाऊन समुद्र बघायचा असं ठरलं होतं. कासिमने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, लग्नसराई संपल्यावर दुकानाला कुलूप लावलं आणि स्वारगेटहून तिघं एसटीत बसली. शहेजादने कात्रज येईतो रडून रडून तोंड लाल केलं. लोक वळून बघू लागले. कंडक्टर काहीबाही बोलला. घाटमाथ्यावर गाडी थांबली तसा कासिम उठला, वळकटी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, उतर. पुढच्या साली जाऊ. परत येणाऱ्या गाडीत शहेजाद असा गाढ झोपला की जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या साली दुकानात काम फार निघालं. त्याच्या पुढच्या साली सासू पडली. मग कुणी तो विषय काढला नाही. कासिम वाईट नव्हता, जिवाला जीव लावणारा माणूस होता. पण परत फिरणं किती सोपं असतं आणि पुन्हा निघणं किती अवघड, हे त्याला कधी कळलं नाही. तिला मात्र त्याच दिवशी कळलं होतं.

उन्हं चढायच्या आत ती सगळी घरापाशी पोचली. घर पांढरं, लहानसं, पुढे ओसरी. ओसरीपुढे एक उंचच उंच काटेसावर. तिची बोंडं फुटली होती आणि कापूस हवेत तरंगत होता. खाली नव्हता पडत, तरंगत होता. पाण्यावरून वारा आला की सगळा एकदम वर जायचा आणि विचार केल्यासारखा थांबून सावकाश खाली यायचा. घर सांभाळणाऱ्या सीतारामने किल्ली देता देता माफीच मागितली. "ह्या म्हाताऱ्या लई उडत्यात सध्या. खोलीभर व्हत्यात. खिडक्या लावून घ्या." नाजिमा सासूकडे बघून हसली. नसीमबानूचं लक्ष नव्हतं. सगळा जन्म कापसात गेलेली ती बाई, पण कापूस असा मोकळा सुटलेला तिने कधी बघितला नव्हता.

मंतशाने डोळे चोळले, जांभई दिली. झोपेची वेळ झाली होती. नसीमबानू म्हणाली, आण तिची गादी. नाजिमा शहेजादकडे बघू लागली, शहेजाद नाजिमाकडे. मग दोघंही नसीमबानूकडे.

इथे थोडं सांगायला हवं. नसीमबानूचं घर पिंजाऱ्यांचं. कसब्यातल्या त्यांच्या दुकानात कासिमच्या आजोबांपासून कापूस पिंजून गाद्या भरल्या गेल्या. अर्ध्या पेठेला आपण झोपवतो, असं कासिम मिशीला ताव देत म्हणायचा. तो गेला, शहेजाद खराडीच्या कंपनीत लागला, तरी खालच्या दुकानात नसीमबानू अजून उशा भरत होती. मंतशाची गादी तिने नात पोटात असतानाच शिवून ठेवली होती, जेमतेम दोन हात लांब, देशी कापसाची, मऊ पण पाठीला धरून राहणारी. पोरगी जन्मल्यापासून त्या गादीशिवाय दुसरीकडे झोपली नव्हती. अंथरूण घराबाहेर न्यायचं तर आधी त्याला ऊन दाखवायचं, ही त्या घरची रीत. आणि दुसरी रीत अशी, की ज्याने अंथरूण उन्हात घातलं त्यानेच ते उचलायचं. कुठली बाजू किती तापली, कधी उलटली, हे दुसऱ्याला काय ठाऊक?

नसीमबानूने सकाळी गादी गच्चीच्या कठड्यावर घातली होती. मग तिने खोक्यातून नवी चप्पल काढून घातली, केस विंचरले, आरशात दोनदा पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या नाही, स्वतःच्या निघण्याच्या गडबडीत होती.

"मी बघितली होती गच्चीवर," नाजिमा हळूच म्हणाली. "कपडे काढायला गेले तेव्हा. पण तुम्ही घातलेली होती, म्हणून हात लावला नाही."

ती टोमणा मारत नव्हती. नवी नवरी असताना तिने एकदा उन्हातली उशी उचलली होती आणि त्यावर तिला काय ऐकावं लागलं होतं, हे दोघींना चांगलं आठवत होतं.

खोलीतला पलंग मोठा होता, वर स्पंजची जाड गादी. मंतशाला त्यावर ठेवलं तशी ती बुडाली, दचकली आणि किंचाळली. तिथून जी सुरुवात झाली ती थांबेना. नाजिमाने दूध पाजून पाहिलं, शहेजादने खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, मग गाडीत बसवून वाकड्या रस्त्यावर लांबपर्यंत चक्कर मारून आणली. पोरगी झोपेने लोळागोळा झाली होती, पण खाली ठेवलं की पाठ कमानीसारखी ताणून रडायची. नाजिमा पाण्याकडे बघायला म्हणून आली होती, ती अजून ओसरीची पायरीही उतरली नव्हती.

शेवटी शहेजाद घाम पुसत म्हणाला, की असं करूया, परत जाऊया. रस्ता काय फार नाही. घरी तिच्या गादीवर निवांत झोपेल. "पुढच्या महिन्यात येऊ ना. तेव्हा सगळं नीट घेऊन."

नाजिमाने बाळ सासूच्या हातात दिलं, आत गेली आणि नुकतेच काढलेले छोटे छोटे कपडे पुन्हा पिशवीत भरू लागली. एकेक झबलं ती गुडघ्यावर ठेवून, हाताने दाबून सपाट करत होती. दारातून नसीमबानूला तिची पाठ दिसत होती. ती पाठ तिने ओळखली. घाटमाथ्यावर परतीच्या गाडीची वाट बघताना तिची स्वतःची पाठ अशीच दिसली असणार.

शहेजादने पिशव्या नेऊन गाडीत टाकल्या, डिकी लावली.

"शहेजाद, किल्ली दे," नसीमबानू म्हणाली.

"अम्मी, तू चालवणार?"

"दे म्हटलं ना."

त्याने हसत किल्ली दिली. तिने एका हाताने बाळ सांभाळत, दुसऱ्या हाताने आणि दातांनी ती पदराच्या टोकाला बांधली. गाठ अशी आवळली की गादीवाल्याच्या बायकोनेच आवळावी. शहेजादचं हसू कमी कमी होत गेलं.

"रडते आहे तर रडू दे," ती म्हणाली. "माणसाचं पोर आहे, रडणारच. त्यासाठी कुणी परत फिरायचं नाही. पुढचा महिना काय असतो मला माहीत आहे. तो येत नसतो." मग आवाज खाली आणून नाजिमाला म्हणाली, "गादी मी विसरले, तू नाही. तू जा बेटा. पाण्यात पाय घाल. मी हाक मारल्याशिवाय येऊ नकोस."

नाजिमा दारात उभी राहिली, नवऱ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं. मग चप्पल तिथेच काढून ती उतरणीने चालत गेली. आधी हळू, मग जरा झपाट्याने, आणि पाण्याच्या जवळ गेल्यावर तर चक्क पळत. शहेजाद दोन पावलं मागे गेला, थांबला, आणि शेवटी तोही तिच्यामागे गेला.

नसीमबानूने ओसरीवरची चटई उचलली आणि सावरीच्या सावलीत, काट्यांपासून अंतर ठेवून, अंथरली. मंतशा रडतच होती. ती तिला घेऊन आडवी झाली. थोपटलं नाही, गाणं म्हटलं नाही. पिंजणीच्या तारेचा आवाज मात्र तिने तोंडाने काढला, तो तिला सगळ्यात जवळचा. तुंय्, तुंय्, तुंय्. वरून कापूस येत होता. एक पुंजका मंतशाच्या नाकासमोर आला, थबकला, पुन्हा वर गेला. रडता रडता पोरगी त्याच्यामागे डोळे न्यायला लागली. हुंदका यायचा, मग कापूस यायचा, मग हुंदका यायला जरा उशीर व्हायचा.

झोपली का? नसीमबानूला बघायचं होतं, पण मान वळवावीशी वाटेना. पाठीखाली जमीन टणक होती, उबदार होती. तिला जुन्या दुकानाच्या माळ्यावर असल्यासारखं झालं. सगळीकडे पांढरं, श्वास घेतला तरी पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून कासिम चालत येत होता. भुवयांवर कापूस, मिशीवर कापूस, अकालीच म्हातारा झालेला. वळकटी त्याच्या खांद्यावर होती. तिने त्याला सांगितलं, की अहो, ती खाली ठेवा आता. त्याने ठेवली. सांगितल्याबरोबर ठेवली, याचंच तिला झोपेत नवल वाटलं. मग दोघं नुसती बसून राहिली आणि कुणालाही कुठे जायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तिने चटईवर हात फिरवला. बाळ नव्हतं.

ती धडपडत उठून बसली. पलीकडच्या सावलीत नाजिमा उताणी झोपली होती. खाली अंथरूण नाही, पांघरूण नाही, नुसतं गवत. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, पायाला वाळू. आणि तिच्या पोटावर पालथी पडून, तोंड उघडं टाकून मंतशा झोपली होती. आईचं पोट वर जाई तशी ती वर जाई, खाली येई तशी खाली. दोघींच्या केसांत सावरीचा कापूस अडकला होता. नसीमबानूने आजवर भरलेल्या कुठल्याही गादीवर कुणी असं झोपलेलं तिला आठवेना, आणि त्याचं तिला वाईटही वाटेना.

शहेजाद शेजारी बसून झाडाच्या डहाळीने मुंग्या दूर करत होता. आई उठलेली बघून तो हळूच जवळ आला.

"तूच आधी झोपलीस," तो कुजबुजला. "ही टक्क जागी होती, तुझी बांगडी चोखत. नाजिमा आली आणि घेऊन गेली." थोडा वेळ तो तिच्या पदराच्या गाठीकडे बघत राहिला. "अम्मी, किल्ली दे ना."

नसीमबानूने गाठ मुठीत धरली. "कशाला?"

"पिशव्या गाडीत आहेत," तो म्हणाला. "परत काढून आणतो. रात्री लागतील."

तिने गाठ सोडायला घेतली. फार घट्ट बसली होती, नखांना ऐकेना. शहेजाद पुढे वाकला आणि मायलेक दोघं मिळून, आवाज न करता, ती सोडवत बसली.