एजिनाचं कासव आणि चिंचेची वाटी

मी एक जुनं नाणं आहे. जुनं म्हणजे किती? मित्रांनो, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनासुद्धा मी 'बाळ' म्हणेन! माझं वय अडीच हजार वर्षं आहे आणि ते सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही.

ग्रीसजवळच्या एजिना नावाच्या बेटावर माझा जन्म झाला. समुद्रापलीकडे लिडिया नावाच्या राज्यात नाणी निघाली होती, ती बघून आमच्या बेटालाही हौस आली. कारागिराने चांदीची गोळी ठशावर ठेवली, वर धातूची खुंटी धरून हातोडा हाणला आणि माझ्या अंगावर गुबगुबीत समुद्री कासव उमटलं. मागच्या बाजूला खुंटीचा नुसताच खड्डा पडला. तिकडे कुणी पाहू नये असं मला अजून वाटतं.

मग मी जहाजांतून खूप हिंडलो. एका संशयी व्यापाऱ्याने आत तांबं आहे का ते बघायला माझ्या कासवाच्या पाठीवर छिन्नी मारली. आत चांदीच निघाली! त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे लढाईच्या धामधुमीत कुणीतरी मला मडक्यात घालून पुरलं. तो माणूस परत आलाच नाही. त्याची मी फार वाट पाहिली. मातीत माझ्या अंगावर काळी झाक चढली, तेवढीच त्या दिवसांची आठवण.

खूप काळाने कुणीतरी ते मडकं खणून काढलं, मी हातोहात विकला गेलो आणि आता अमेरिकेत, फ्रीमाँटला राहतो. दिगंबरआजोबांना जुन्या नाण्यांचं वेड आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी मला नात रुहीला दाखवलं, टेबलावर ठेवलं आणि ते झेंडूची फुलं आणायला गाडी घेऊन गेले. इकडे सरलाआजी लक्ष्मीपूजनासाठी घरातली चांदी घासत होत्या. निरांजन झालं, वाटी झाली, मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अगंबाई, किती काळं पडलंय हे!" म्हणत त्यांनी चिंचेचा कोळ बोटावर घेतला. माझी पाचावर धारण बसली. तलवारी पाहिल्या होत्या, चिंच कधी पाहिली नव्हती! ती शेकडो वर्षांची काळी झाक एकदा गेली की पुन्हा येणार नव्हती.

"आजी, स्टॉप! ते वॉश नको करू!" रुही धावत आली. "तो ब्लॅक कलर त्याचं एज आहे."

"अगं, लक्ष्मीपुढे असं कळकट ठेवायचं का?"

"मग तू केस डाय का नाही करत? तूच म्हणतेस ना, आय अर्न्ड देम, कमावलेत मी ते?"

आजींचा हात थांबला. त्यांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र केसांवरून मनगट फिरवलं आणि त्या खळखळून हसल्या. हात धुऊन, कोरडे करून त्यांनी मला अलगद उचललं आणि चौरंगावर विड्याच्या पानावर मानाने बसवलं.

मित्रांनो, स्वच्छता चांगलीच. पण जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या अंगावर काय काय साठलंय ते कुणाला तरी विचारा. घासायला एक मिनिट पुरतं, साठायला शतकं लागतात.

त्या संध्याकाळी आजी माझ्यापुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चुकले हो. वयाने मोठे आहात." आजवर लोकांनी मला तोललं, कापलं, पुरलं, विकत घेतलं. पण नमस्कार मला पहिल्यांदाच मिळाला.