विटाळ नव्हता म्हणे

“काव वच्छलाबाई, या वयात कावळा शिवला? तरणपण आलं का तुले?” कुंपणापलीकडून शेजारची रुखमाबाई हसली.

गोठ्याच्या पडवीत घोंगडीवर बसलेली वच्छलाबाईही हसली. पाळी जाऊन तिला दहाएक वर्षं झाली होती. आता पाळी न बोलावलेल्या पाहुण्यासारखी परत आली आणि घरची कर्ती बाई पुन्हा बाहेर बसू लागली. सून ताट दुरूनच सरकवायची. पण वच्छलाबाईला चैन पडेना. आधी पाळी महिन्याने यायची, ही मनात येईल तेव्हा येई. वासही वेगळाच. असं काऊन? तिने सुईणीला विचारलं, सुनेला विचारलं. दोघींनी तोंडाला पदर लावला.

नवं मराठी राज्य झाल्यापासून डोणगावच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी डॉक्टरीणबाई यायची. पण विटाळात लोकांत जायचं कसं? आणि कोरडी असली की वच्छलाबाई म्हणे, “आता काय दाखवू?” असे कितीतरी बाजार गेले. कंबर धरू लागली.

शेवटी एका बाजाराला ती उठली. “अवो, मी बी येऊन राह्यली.”

“बाहेरची हाये ना तू?” नवरा, उकंडराव, चपापला.

“म्हणूनच तं. जे हाये ते आजच दिसन.”

गाडीत ज्वारीची पोती होती. त्यांना शिवू नये म्हणून ती टोकाला अंग चोरून बसली.

“शिवू नका बाई, मी बाहेरची हाये,” दवाखान्यात ती म्हणाली. डॉक्टर चारुलताबाईंनी तरीही तपासलं. हात धुऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मावशी, ही पाळी नाही. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. कॅन्सर वाटतो. पहिल्यांदा अंगावरून गेलं तेव्हाच यायला हवं होतं. आता लगेच नागपूरला जा. बरं होईल, असं खोटं सांगत नाही.”

वच्छलाबाईने लुगडं सावरलं. “मंग हा विटाळ नव्हता?”

“कधीच नव्हता.”

तिला हसू आलं, आणि मग रडूही. एवढे दिवस ती उगाच घोंगडीवर बसली होती.

बाहेर ती गाडीजवळ येताच उकंडराव सवयीने बाजूला झाला.

“सरकता काऊन? हात द्या. विटाळ नाही म्हणे हा.”

भर बाजारात त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तो घट्ट धरून ती गाडीत चढली.

“अवो,” तिने विचारलं, “नागपूर किती दूर हाये?”