बर्फी मेली नाही

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तोवर आमचं एकही भांडण शेजाऱ्यांच्या कानावर गेलं नव्हतं. पहिलं गेलं ते एका गाढवीवरून, आणि तीही कागदावरची.

गोष्ट १९९५ सालची. मी तेव्हा बदलापुरात शाळेत चित्रकला शिकवत होते. आमचे हे, म्हणजे जयदेव, वीज मंडळात कारकून. आम्ही दोघं मिळून एक पुस्तक लिहीत होतो, ‘हसऱ्या चौकटी’. मराठीतल्या जुन्या चित्रकथांचा आणि व्यंगचित्रांचा इतिहास. लोक सुट्टीत माथेरानला जातात, आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानांत जायचो. संध्याकाळी नखशिखांत धुळीने माखून परत यायचो आणि एखादं जुनं साप्ताहिक हाती लागलं असेल तर वाटेत दाल-पकवान खाऊन साजरं करायचो. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली गठ्ठ्यांचा इतका डोंगर झाला होता, की पाहुणे आले की त्यांना आत स्वयंपाकघरातच बसवावं लागे.

लिहायचो दोघं, पण संपादक ते. संपादक म्हणजे मी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ असं लिहिणारा माणूस. जुनी चित्रकथा उघडायच्या आधी ते साबणाने हात धुणार, खाली स्वच्छ रुमाल पसरणार आणि मी हातभर अंतरावर चहा प्यायले तरी डोळे वटारणार. त्यांनी माझा हात पहिल्यांदा हातात घेतला तेव्हासुद्धा इतकी काळजी घेतली नव्हती.

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण माझं होतं, ‘हवालदार घुमे’वर. साठच्या दशकात निघालेली ही चित्रकथांची मालिका. हवालदार घुमे हा पोट सुटलेला, घाबरट पोलीस, आणि त्याची गाढवी बर्फी. चोर पकडायची ती बर्फी, पदक मिळायचं घुमेला. मी अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर वाढले. चार आण्यात एक दिवस अशा भाड्याने आणलेल्या या चित्रकथा वाचतच मी चित्रं काढायला शिकले. म्हणून मी या मालिकेच्या शेवटच्या अंकाबद्दल, ‘पुराचा पेच’बद्दल, अगदी जीव ओतून लिहिलं होतं. घुमेला वाचवायला बर्फी पुरात उडी मारते, वाहून जाते, सगळं गाव रडतं. आणि शेवटच्या पानावर ती एका मिठाईच्या दुकानासमोर उभी. डोक्यावर चोराची टोपी, तोंडात जिलबी. त्या एका पानावर माझं अख्खं प्रकरण उभं होतं. आपल्या चित्रकथा मुलांना शेवटी कसं हसवून घरी पाठवत, हा माझा मुद्दा.

अडचण एवढीच होती, की तो अंक आम्हाला कुठेच मिळत नव्हता. चित्रकार वारला होता, प्रकाशन बंद पडून जमाना झाला होता. मी सगळं आठवणीवर लिहिलं होतं. पुढे ‘कशावरून?’ होतंच, भलं मोठं.

आणि एका शनिवारी जयदेव कॅम्पातून धावतच घरी आले. पिशवीतून त्यांनी बटरपेपरात गुंडाळलेला ‘पुराचा पेच’ काढला. पूर्ण प्रत, मुखपृष्ठासकट. मी तर चक्क नाचले. मग त्यांनी हात धुतले, रुमाल पसरला, एकेक पान उलटलं, आणि शेवटचं पान आलं. पूर ओसरलेला. काठावर घुमे गुडघ्यांवर बसलेला. त्याच्या हातात बर्फीच्या गळ्यातली घंटा. खाली ‘समाप्त’.

“बघ,” ते म्हणाले. “मी पहिल्यापासून सांगतोय, बर्फी मरते.”

“काहीतरीच! ती जिलबी खाते. मागे आपलं शिवमंदिर दिसतं. तुटक्या शिखराचं.”

“गिरगावात बसणारा चित्रकार अंबरनाथचं मंदिर कशाला काढेल? उमा, तू लहान होतीस. तुला पाहिजे तो शेवट तू मनाने जोडलास.”

“आणि तुमचं काय?”

“मी हे वाचून रात्री जेवलो नव्हतो. आई म्हणाली, पोराला ताप आलाय. ते मी विसरेन?”

मला माणसाने खोटी म्हटलं तर चालतं. भांडता येतं. पण ‘तू मनाने जोडलंस’ हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं, की माझं डोकंच फिरलं. माझं लहानपण हा माणूस पेन्सिलीने खोडायला निघाला होता. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला आणि शेजारच्या गोजरबाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. त्यांच्याकडे साखर होती, मला ठाऊक होतं.

उल्हासनगरचे आमचे प्रेसवाले तुलसीशेठ. मुदत वाढवून मागायला कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांना फोन केला तर ते म्हणाले, “बहनजी, आपका गधा जिंदा है या मर गया, मेरेको फरक नहीं पडता. सोमवारला मॅटर फायनल द्या. नायतर लास्ट चॅप्टर काट के छाप देता हूँ, साईं.”

सोमवार दोन दिवसांवर होता. पुरावा आणला नाही, तर माझं प्रकरण गेलं. चार वर्षांच्या मेहनतीत माझ्या एकटीचं म्हणावं असं तेवढं एकच प्रकरण होतं.

मी पुन्हा चप्पल घातली आणि त्याच बूथवर जाऊन बसले. आधी मालिनीला लावला. ती माझी शाळूसोबतीण, अजून अंबरनाथलाच राहते.

“बर्फी मेली?” ती ओरडली. “वेडी का तू? जिलबी कोण खाणार मग?”

तिच्या भावाला विचारलं, जिलबी. आमच्या आळीतल्या दोघांना विचारलं, जिलबी. एकाने तर टोपीचा रंगही सांगितला. मी तरंगत घरी आले. तोवर जयदेवांनीही त्यांच्या बदलापूरच्या मित्रांना गाठलं होतं. सगळ्यांची बर्फी मेलेली. एक जण तर सांगताना अजूनही हळवा झाला म्हणे.

“म्हणजे अंबरनाथात जिवंत आणि बदलापुरात मेलेली,” मी म्हटलं. “मध्ये अंतर ते एका स्टेशनाचं!”

“दोन आवृत्त्या!” ते ताडकन उठून बसले. भांडण विसरले, संशोधक जागा झाला. “दुसरी सुधारित आवृत्ती निघाली असेल. उमा, तुमच्याकडे ही पुस्तकं यायची कुठून?”

कुठून म्हणजे? एकच तर जागा होती. मंदिराच्या रस्त्यावर कौसाबाईंचं पत्र्याचं दुकान. बाई चित्रकथांना खाकी कागदाची कव्हरं घालून, दाभणाने जाड दोऱ्यात शिवून भाड्याने द्यायच्या. पान मुडपलं तर अशा बघायच्या, की पुन्हा मुडपायची छाती होत नसे. मालिनीला परत फोन केला. तिच्याकडून कळलं, दुकान कधीच बंद झालं, बाई मुलाकडे सोनिवलीला नव्या इमारतीत राहतात. आमच्यापासून स्कूटरने अगदी जवळ.

रविवारी सकाळीच निघालो. जयदेवांनी आपली प्रत बटरपेपरात, मग प्लास्टिकमध्ये, मग टॉवेलात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवली होती. खड्डा आला की ते ब्रेक दाबायच्या आधी छाती दाबायचे. मी मागे बसून हसत होते.

कौसाबाईंनी दार उघडलं. केस पिकलेले, नजर तीच.

“भीमरावची उमा ना तू?” त्या म्हणाल्या. “एक पुस्तक अजून बाकी हाय तुझ्याकडं.”

मला पुन्हा दहा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मी ‘आणून देते मावशी’ म्हणून मोकळी झाले आणि येण्याचं कारण सांगितलं. बाईंनी जास्तीचं काही विचारलं नाही. “दुकान मोडलं तवा बाकीचं रद्दीत घातलं. आवडीची थोडी ठेवली,” असं म्हणत त्यांनी कपाटावरून एक गाठोडं काढलं. त्यात खाकी कव्हरातला ‘पुराचा पेच’ होता.

जयदेवांनी मोरीत जाऊन हात धुतले. रुमाल पसरला. शेवटचं पान उलटलं.

मिठाईचं दुकान. चोराची टोपी. तोंडात जिलबी. मागे तुटक्या शिखराचं शिवमंदिर.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, हुंदका देऊनच रडले. मी वेडी नव्हते. माझं लहानपण जसंच्या तसं तिथे होतं.

जयदेव मात्र पानावर वाकले होते. त्यांनी कागद बोटांनी चाचपला, उजेडात धरला. “हा कागद वेगळा आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “हे छापलेलं नाही. शाईने काढलंय. डिंकाने चिकटवलंय.”

“मग? काढायलाच लागलं,” कौसाबाई म्हणाल्या. “घेतलं तवाच शेवटचं पान फाटलेलं. पोरं विचारायची, मावशी, पुढं काय झालं? मला तरी काय ठाव! म्हाशिवरात्रीला मी देवळाफुडं रांगोळी काढायची, हात बसलेला. दुकानात बसल्या बसल्या जे समोर दिसलं ते काढलं.”

“पण मावशी, खरं पान कधी पाहिलंच नाहीत?” मी विचारलं.

“बघितलं की. मागनं दुसरी प्रत घेतली, त्यात होतं. एक पोरगी वाचून दारातच भोकाड पसरून बसली. मी ते पान फाडलं नि माझं लावलं. पोरांना रडवायला दुकान टाकलं होतं काय मी?”

मी हसावं की काय करावं मला कळेना. माझी आठवण खरी निघाली होती आणि माझं प्रकरण पार चुकलं होतं, दोन्ही एकाच वेळी. जयदेवांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा माझ्याहून वाईट झालेला.

“मावशी,” ते चाचरत म्हणाले, “‘घुमे आणि भुताची विहीर’... त्यातलं विहिरीचं शेवटचं पान?”

“विहिरीवर मांजर बसलंय ते? माझंच. उंदरानं खाल्लेलं मूळ.”

ते मटकन बसले. चौथं प्रकरण त्यांचं होतं. त्यात त्यांनी कॅम्पातल्या रद्दीत मिळालेल्या प्रतीवरून त्या पानाबद्दल चांगले दोन परिच्छेद लिहिले होते: ‘चित्रकाराच्या उत्तरकाळात त्याची रेघ अधिक धीट, अधिक जाड होत गेलेली दिसते.’ मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, “कशावरून?”

आधी बाई हसल्या, मग मी, आणि मग बिचारे तेही. इतके हसलो, की बाईंची सून चहा घेऊन आली ती कप हातात धरून दारातच थांबली.

“म्हणजे प्रकरण रद्द नाही करायचं,” जयदेव डोळे पुसत म्हणाले. “नव्याने लिहायचं. कौसाबाईंवर. आजच बसून लिही. तुलसीशेठच्या पाया मी पडतो.”

“माझ्यावर काय लिवायचं त्यात?” बाईंनी हात झटकले. मग त्यांची नजर जयदेवांच्या मांडीवरच्या बटरपेपराकडे गेली. “तू कुठला रं?”

“बदलापूरचा.”

“म्हंजे तू मेलेलीच वाचलीस.” त्यांच्या आवाजात खरंखुरं वाईट वाटणं होतं. “अरं देवा. एवढ्या वर्सात कोणी सांगितलं पण नाय तुला?”

त्यांनी कागद मागितला. जयदेवांनी वहीचं कोरं पान दिलं आणि खिशातली पेन्सिल दिली. तीच, ‘कशावरून?’वाली. बाईंनी एकदाही न खोडता बर्फीचे कान काढले, टोपी काढली, मग जिलबी. मंदिर इथून दिसत नव्हतं, पण त्यांना बघायची गरज पडली नाही. हा माणूस एरवी दोन मिनिटं शांत बसत नाही, पण तेव्हा गुडघ्यांवर हनुवटी टेकवून नुसता बघत बसला होता. मला त्याच्यात त्या रात्री न जेवलेलं पोरगं दिसलं. गोजरबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी त्याच्याशी भांडले होते, याचं मला हसू आलं आणि त्याच्यावर फार माया दाटून आली.

“आण ते इकडं,” चित्र संपवून बाई म्हणाल्या. त्यांनी जयदेवांच्या मांडीवरची प्रत उचलली, शेवटचं पान उलटलं, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सराईत हाताने टर्रकन फाडलं.

आम्हाला ठाऊक असलेली एकमेव पूर्ण प्रत. आता हा माणूस कोसळतो की किंचाळतो, हे बघत राहिले. जयदेवांचं तोंड उघडं होतं. ते फाटलेल्या कडेकडे बघत होते, मग बर्फीकडे बघितलं, पुन्हा कडेकडे बघितलं.

मग त्यांनी हात पुढे केला.

“मावशी,” ते म्हणाले, “डिंक द्या इकडे. मी चिकटवतो.”

हात न धुता, रुमाल न पसरता, जिभेचं टोक बाहेर काढून ते पान चिकटवायला लागले. त्यांचं लक्ष नव्हतं तेवढ्यात जमिनीवर पडलेलं ते फाडलेलं पान मी उचललं, घडी न घालता पर्समधल्या वहीत सपाट ठेवलं आणि पर्सची चेन लावली. शेवटी इतिहास लिहायचा होता, आणि आमच्या दोघांत एकाने तरी शुद्धीवर राहायला हवं होतं.