बिनधुराच्या टोप्या

जिंतूरच्या शालेय स्पर्धेत मी मुख्य वेळाधिकारी होतो. शिकवतो गणित, पण ज्याच्याकडं स्टॉपवॉच असतं त्याला खेळातलं कळतं, असा आमच्याकडं समज आहे.

शंभर मीटरच्या शेवटच्या टोकाला उभं राहून वेळ घ्यायची तर आवाजावर नाही, पिस्तुलाच्या धुरावर कळ दाबायची. आवाज तिथवर येईस्तोवर सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. हे नियमांच्या पुस्तकात आहे. मी पुस्तक वाचलं होतं. बाकीचे दोन वेळाधिकारी अनुभवी होते.

पिस्तूल बोरीच्या सिद्धोधन सरांकडं होतं. त्यात गोळी नसते, नुसती टोपी. घोडा टोपीवर आपटला की बार होतो आणि मुली सुटतात. इतकी वर्षं सर लाल कागदी टोप्या वापरायचे. बार बेताचा, धूर मात्र लग्नातल्या चुलवणासारखा. यंदा त्यांनी एसटीनं परभणीला जाऊन पितळी टोप्या आणल्या होत्या.

"जुन्या संपल्या का?" मी विचारलं.

"दोन हायेत खिशात. पण आमच्या वैष्णवीला तापानंतर जरा कमी ऐकू येतं. तिच्यासाठी आणल्या ह्या. बघाच तुमी, सोनपेठपर्यंत बार ऐकू जातोय का न्हाई!"

वैष्णवी नववीतली. पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या, आणि दोन वर्षं ती त्याचसाठी पळत होती.

"पळती लय भारी," सर म्हणाले. "एकच खोड. सुटताना मान वाकडी करून माझ्याकडं बघती. शंभरदा सांगितलं, बाई, खाली बघ."

अंतिम फेरीला आठ मुली बसल्या. बार झाला. खरोखर मोठा झाला. लिंबावरचे कावळे उठले, पाहुण्यांच्या बशीतला चहा सांडला. धूर मात्र आला नाही. मी अंगठा कळेवर ठेवून धुराची वाट बघत राहिलो. सात मुली माझ्याकडं धावत येत होत्या. आठवी रेषेवरच होती, मान वाकडी करून पिस्तुलाकडं बघत. सबंध मैदानात धुराची वाट बघणारे आम्ही दोघंच होतो.

शेजारणी गेलेल्या दिसल्या तशी ती उठली. आठवी आली.

बाकीच्या दोघांनी आवाजावर कळ दाबली होती, ती वेळ नियमात बसत नव्हती. मी कागदावर लिहिलं: वेळ नाही, शर्यत पुन्हा घ्यावी.

पहिल्या आलेल्या मुलीचे शिक्षक बन्सीधर सर तडक आले. "घड्याळ दाबायचं विसरलो म्हणा की, सर."

"धूर आला नाही."

"अन् आवाज? त्या आवाजानं मुडदे उठले असते!"

मी पुस्तक पुढं केलं. त्यात काय लिहिलंय हे बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. शर्यत पुन्हा ठरली.

मग मी मैदान ओलांडून सिद्धोधन सरांकडं गेलो. "जुन्या टोप्या घाला."

"का बरं?"

"ती आवाजावर सुटतच नाही, सर. तिला तो ऐकूच येत नाही. ती धूर बघते."

सरांनी पिस्तुलातली पितळी टोपी काढली. "अन् मी तिला खाली बघ म्हणत होतो," ते म्हणाले.

पहिली लाल टोपी सर्दावलेली निघाली, नुसती खट्ट वाजली. तिघी उठल्या, ओशाळून परत बसल्या. वैष्णवी हलली नाही. दुसऱ्या टोपीनं पांढरा धूर काढला. मी कळ दाबली. आवाज माझ्यापर्यंत पोचला तेव्हा ती निघालेली होती.

तिसरी आली. बन्सीधर सरांच्या शाळेची मुलगी पुन्हा पहिली आली, तेव्हा त्यांनाही नियम पटला.

वैष्णवी गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होती. सिद्धोधन सर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश बोलले, "काहीच ऐकू येत न्हाई का तुला?"

तिनं त्यांच्या ओठांकडं बघत मान हलवली. नाही.

"मला तरी सांगायचं की, बाई."

"सांगितलं असतं तर पळू दिलं असतं का, सर?"

ती त्यांच्या ओठांकडं बघत राहिली.