टेबलाभोवतीची रेघ

"तानाबाई, रेघेच्या आत पाय नोको टाकू," प्रभाकररावांनी मान वर न करताच बजावलं.

तानाबाईचा पाय रेघेपासून चांगला हातभर लांब होता. जाम गावच्या माती परीक्षण केंद्रात ती अकरा वर्षं माती वाळवत, चाळत आणि झाडपूस करत आली होती. इथले साहेब म्हणजे प्रभाकरराव. त्यांनी गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती खडूने रेघ ओढली. ते यंत्र चालता चालता मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होई, आणि दोनदा तसं झालं तेव्हा तानाबाई टेबल पुसत होती. सेव्ह केलेले अहवालही गायब. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, शेतकरी अहवालासाठी खेटे घालत होते, आणि खापर फोडायला कोणाचं तरी डोकं हवंच होतं.

"आज यंत्र पाहाले वर्ध्याची पोरगी येऊन राह्यली. दोष नाई निघाला, त सोमवारी तुह्यं नाव वर कळवतो. मंग कामावर नोको येऊ."

तानाबाईच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या जागी घरचं कोणी चिकटवायचं असेल काय यांना? मग तिला स्वतःच्याच हातांचा संशय आला. फडकं नीट पिळलं जात नसेल का? पाणी आत उतरत असेल का? अकरा वर्षं याच हातांनी पुसलं, तेव्हा काही बिघडलं नव्हतं. तरी तिने दोनदा हात उलटसुलट करून पाहिले.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेची, यंत्र दुरुस्त करणारी जागृती दुपारी आली. तिने वायर बदलली, बॅटरी तपासली, आतली धूळ ब्रशने झाडली. तरी दहा मिनिटांत यंत्र बंद पडलंच. तेव्हा तानाबाई चाळणी घेऊन दारात बसली होती. 'आता पाहा' असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तिने चाळणी हलवत ठेवली.

"मी त सेव्ह करतो. मंग जाते कुठी?" प्रभाकररावांनी विचारलं.

"सेव्ह केलं तरी ते लगेच डिस्कवर नाई उतरत, काका. थोडा वेळ मेमरीतच राह्यते. तेवढ्यात मशीन बंद झाली का गेलं."

बोलता बोलता जागृतीने टेबलाला मुद्दाम हलकासा धक्का दिला. यंत्र पुन्हा बंद. तिने पुढचं बारकं बटण चाचपलं.

"हे रिसेटचं बटण अर्धं दबूनच आहे. पुसताना टेबल हाललं, का हे पुरं दबते."

तिने पुढचं झाकण काढून चिमट्याने कोरलं. कुंकू लागलेला तांदळाचा दाणा टेबलावर पडला.

"दसऱ्याले मशीनची पूजा कोणं केलती?"

प्रभाकरराव चष्मा पुसू लागले.

"मी त नव्हती बा," तानाबाई दारातूनच म्हणाली. "मी त्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलती. दसऱ्यालेही केंद्र चालू, म्हून देलेला सुटीचा अर्ज साहेबायच्याच फायलीत आहे."

चाळणी तिने जमिनीवर जरा जोरातच ठेवली.

सेव्ह केल्यावर जरा थांबत जा, रोज दुसऱ्या ठिकाणी एक प्रत ठेवा, असं सांगून जागृती निघून गेली. प्रभाकररावांनी घसा खाकरला.

"तानाबाई, ते रेघ पुसून टाक आता."

तानाबाईने फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि रेघेच्या बाहेर, हातभर लांब ठेवलं.

"तुमी ओढली, साहेब. तुमीच पुसा."

ती दारात जाऊन माती चाळू लागली. प्रभाकरराव रेघेच्या आतल्या खुर्चीतूनच वाकले, हात लांबवला. फडक्यापर्यंत तो पोचेना. अखेर ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि रेघेबाहेर आले. तानाबाईने चाळणीवरून मान वर केली नाही.