कुंडीतल्या संत्र्याची शुगर

आमच्या शिंपीमामाला शुगर. डॉक्टरीणबाईंनी शुगर उतरवायच्या गोळ्या दिल्या आणि गोड फळं बंद केली. मामा रोजची गोळी गुपचूप गॅलरीतल्या संत्र्याच्या कुंडीत पुरायचा. वर्षाने झाडाला एकच संत्रं पिकलं. मामीची पाठ वळताच मामाने ते सोलून खायला घेतलं, तर गोडीचा पत्ता नाही.

"पथ्य मोडलंत ना?" मामीने पकडलंच.

"गोड असतं तर मोडलं असतं. आता मलाच कळेना."

मामीने एका हातात उरलेली फोड ठेवलेली कुंडी, दुसऱ्यात नवऱ्याचं मनगट धरून दवाखाना गाठला. बाईंनी मामाचं रक्त तपासलं, कुंडीतली फोड चाखली आणि त्या चक्रावल्या.

"झाडाची शुगर उतरलीय, तुमची चढलीय. गोळ्या चालू ठेवा."

"कोणी?" मामाने विचारलं.

बाईंनी पेन उचललं, पण कागदावर नाव कोणाचं घालावं ते त्यांना सुचेना.