हुबेहूब

गिऱ्हाइकाच्या गालावर फेस चढवता चढवता सलूनवाल्याने लेकीचं कौतुक सुरू केलं. या खुर्चीत जो बसेल त्याला ते ऐकावंच लागे.

"ती बाकावर बसलीय ना, ती माझी लेक. कुणाचाही आवाज काढते! एकदा आतून माझाच आवाज काढून आईला चहा टाकायला लावला. बायको फसली, बोला!"

गिऱ्हाईक हसलं नाही. पोरगीही मान वर करेना.

हल्ली ती अशीच असायची. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीने जीव दिला होता. ती मुलगी बोलताना अडखळायची, आणि तिची नक्कल पोरीने याच आरशासमोर केली होती. मोबाइल बापाने धरला होता. "हुबेहूब!" म्हणून ओरडलाही तोच. व्हिडिओ शाळाभर फिरला. मग ती मुलगी तोंड उघडायच्या आतच वर्ग खिदळायचा, आणि शेवटी तिने बोलणंच सोडलं. आता लोक कुजबुजत होते. कुजबुजेनात का! पोरांची थट्टा ती, त्यात काय एवढं? असा हिरा पोटी आलाय, तो काय लोकांच्या भीतीने झाकून ठेवायचा?

"सांगा, कुणाचा आवाज काढू दे?" वस्तऱ्यात नवं पातं घालत तो ऐटीत म्हणाला.

"माझ्या मुलीचा," गिऱ्हाईक म्हणालं. "नुसतं 'बाबा' म्हणू दे. ऐकलाय तिने तो आवाज."

सलूनवाल्याने आरशातल्या चेहऱ्याकडे आत्ता कुठे नीट पाहिलं. त्याने वस्तरा खाली ठेवला.

"अहो, तुम्ही..."

"भांडायला नाही आलो. घर अगदी गप्प झालंय हो. एकदा ऐकू दे."

पोरगी उठून खुर्चीपाशी आली. तिचे डोळे वाहत होते.

"बा... ब... ब... बाबा."

सलूनवाल्याची छाती सवयीने फुगली. कौतुकाचा तो नेहमीचा शब्द अगदी ओठांवर आला होता, त्याने कसाबसा गिळला.

गिऱ्हाइकाने मान हलवली.

"असं नाही गं बाळा. घरी ती कधीच अडखळली नाही. 'बाबा' तर एका दमात म्हणायची."

त्याने गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं, फेस पुसला आणि उठला. दाराशी गेल्यावर वळला.

"त्या व्हिडिओत मागून कुणीतरी ओरडतं. फार खूश होऊन ओरडतं. कोण गं ते?"

"अहो, पोरंटोरं असतील कुणी," सलूनवाला घाईघाईने म्हणाला.

पोरीने बापाकडे पाहिलं नाही. तिने डोळे पुसले आणि छाती पुढे काढली.

"हुबेहूब!"

तो आवाज कुणाचा, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागलं नाही.